शेवंती : दिवाळीचे फूल मे महिन्यात सांभाळा



शेवंती हे मुळात बहुवर्षायू फुलझाड आहे. फुलांचा बहर संपला की वरचा भाग वाळतो, परंतु जमिनीलगतचा गड्डा जिवंत राहतो आणि त्याच्या मुळाजवळून नवीन फुटवे निघतात. या फुटव्यांनाच आपण काश्या म्हणतो. याच काश्या पुढील हंगामाचे बियाणे होत. असे असूनही आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी शेवंतीची रोपे दरवर्षी बाहेरून विकत आणावी लागतात. कारण सरळ आहे. फेब्रुवारीत फुले संपली की त्या वाफ्याकडे कोणी फिरकत नाही, एप्रिल-मे च्या उन्हात झाडे जळतात आणि जून उजाडला की पुन्हा रोपांची शोधाशोध सुरू होते. विकतची रोपे वेळेवर मिळत नाहीत, मिळाली तरी जातीची खात्री नसते आणि कित्येकदा त्यांच्याबरोबर मर रोग व मावा शेतात येतो. लागवड पंधरा-वीस दिवस लांबली की फुलांचा दिवाळीचा बाजारही हातचा जातो.

म्हणून शेवंतीची निगा ही लागवडीपासून काढणीपर्यंतची न धरता बाराही महिन्यांची धरावी. यवतमाळ शहरालगतच्या लोहारा परिसरातील हवामान व जमिनी डोळ्यांसमोर ठेवून ऋतुमानाप्रमाणे ही निगा कशी राखावी, याची माहिती या लेखात दिली आहे. जिल्ह्यातील इतर तालुक्यांत व शेजारच्या जिल्ह्यांतही थोड्याफार फरकाने ती लागू पडेल.

आपला भाग आणि शेवंतीची गरज

शेवंतीला थंड, कोरडे हवामान व स्वच्छ सूर्यप्रकाश मानवतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ तिला उत्तम आहे. अडचण आहे ती उरलेल्या महिन्यांची. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. त्यानंतर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस पडून जातो. शेवंतीची मुळे तंतुमय असून ती जमिनीच्या वरच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या थरातच पसरतात. उन्हाळ्यात हाच थर सर्वांत आधी तापतो आणि पावसाळ्यात पाणीही याच थरात तुंबते. भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटतात, तर पावसाळ्यात तीच जमीन चिबडते. थोडक्यात, उन्हाळ्यात मुळे भाजू न देणे व पावसाळ्यात ती सडू न देणे, या दोन गोष्टी साधल्या की शेवंती साधली असे समजावे.

या पिकासाठी मध्यम प्रतीची, पाण्याचा उत्तम निचरा होणारी, ६.५ ते ७.५ सामू असलेली जमीन निवडावी. आपल्याकडील बरड, मुरमाड उतारावरच्या जमिनी कपाशीला हलक्या पडतात, परंतु भरपूर शेणखत घातल्यास त्या शेवंतीला भारी काळ्या जमिनीपेक्षा चांगल्या ठरतात. चुनखडीचे प्रमाण जास्त असलेली जमीन टाळावी, कारण तेथे पाने पिवळी पडून झाड खुरटते. माती परीक्षण अवश्य करून घ्यावे.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. आपल्याकडे बाजारात बिजली या नावाने जे फूल विकले जाते, ते हंगामी शेवंतीचे आहे. बिजलीची लागवड बियांपासून होते व एका हंगामात तिचे आयुष्य संपते. या लेखातील माहिती काश्यांपासून वाढणाऱ्या बहुवर्षायू शेवंतीबद्दल आहे. महाराष्ट्रात राजा, झिप्री, सोनाली तारा, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी या तिच्या प्रचलित जाती आहेत. आपल्या बाजारात पांढऱ्या व पिवळ्या रंगाची फुले बारमाही खपतात, म्हणून सुरुवात या दोन रंगांपासून करावी.

बहर संपताना : जानेवारी-फेब्रुवारी

पुढील वर्षाच्या पिकाची सुरुवात चालू बहरातच होते. झाडे फुलावर असताना शेतातून फिरून मातृझाडे निवडावीत. ज्या झाडाची फुले जातिवंत रंगाची व आकाराची आहेत, ज्याला फांद्या भरपूर आहेत, ज्याची पाने शेवटपर्यंत हिरवी राहिली आहेत, अशा झाडाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी. बहर संपल्यावर सर्व झाडे सारखीच दिसतात आणि मग निवड करता येत नाही. पाने एका बाजूने पिवळी पडलेली, मलूल किंवा अत्यंत खुजी राहिलेली झाडे मातृझाड म्हणून कधीही घेऊ नयेत. मर व विषाणूजन्य रोग काश्यांबरोबर पुढच्या वर्षात जातात.

शेवटची तोडणी झाल्यावर निवडलेली झाडे जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर धारदार कात्रीने छाटावीत. छाटलेला भाग शेतात न ठेवता खड्ड्यात पुरावा. नंतर हलके पाणी द्यावे. पंधरा-वीस दिवसांत बुडाशी काश्या दिसू लागतात. फेब्रुवारी अखेरपर्यंत, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी, हे गड्डे मातीच्या गोळ्यासह खणून सावलीच्या वाफ्यात हलवावेत. उर्वरित शेत नांगरून उन्हाळाभर तापू द्यावे.

मातृझाडे किती ठेवावीत, याचा हिशेब सोपा आहे. दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका गुंठ्याला सुमारे ५५० रोपे लागतात. पाच गुंठ्यांना २७५० आणि नांग्या भरण्यासाठी थोडी जादा धरून ३००० रोपे हवीत. एका निरोगी मातृझाडापासून काश्या व शेंड्यांची छाटकलमे मिळून १० रोपे धरली, तर ३०० मातृझाडे पुरतात. चारातले एक झाड उन्हाळ्यात दगावेल असे गृहीत धरून ४०० ठेवावीत. ही ४०० झाडे २५ × २५ सेंटिमीटर अंतरावर लावली, तर त्यांना केवळ ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद एवढीच जागा लागते. एवढी जागा प्रत्येकाच्या घराजवळ किंवा विहिरीजवळ असते.

परीक्षेचा काळ : मार्च ते मे

हा वाफा जागा पाहूनच करावा. घराच्या, गोठ्याच्या किंवा मोठ्या झाडाच्या पूर्वेकडील बाजू सर्वांत चांगली. तेथे सकाळचे कोवळे ऊन मिळते व दुपारनंतर सावली येते. मात्र दाट झाडाच्या अगदी बुंध्याशी वाफा करू नये, कारण झाडाची मुळे पाणी ओढून घेतात आणि काश्या उजेडाअभावी लांबट व कमजोर होतात. वाफा जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच करून त्यात चांगले कुजलेले शेणखत व थोडी रेती मिसळावी.

वाफ्यावर डोक्याएवढ्या उंचीचा मांडव घालावा. त्यावर तुराट्या व पळसाच्या फांद्या विरळ अंथराव्यात किंवा ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. मांडवासाठी पऱ्हाट्या मात्र वापरू नयेत. पऱ्हाट्या व त्यांवरील वाळलेली बोंडे उन्हाळाभर साठवून ठेवल्यास गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो व पुढील हंगामात आपल्याच कपाशीला धोका होतो. पश्चिमेकडून येणारी झळ अडविण्यासाठी त्या बाजूला तुराट्यांचा ताटवा उभा करावा. झाडांच्या बुडाशी वाळलेल्या पालापाचोळ्याचा तीन ते चार बोटे जाडीचा थर द्यावा. तो झाडाच्या खोडाला मात्र चिकटू देऊ नये.

पाण्याची टंचाई ही आपली नेहमीची अडचण आहे. म्हणून या वाफ्याला प्रत्यक्ष किती पाणी लागते ते पाहू. मे महिन्यात सावलीतील २५ चौरस मीटर वाफ्याला दररोज साधारण १५० लिटर पाणी पुरते. म्हणजे पंधरा लिटरचे दहा गुंड. पाच गुंठ्यांचे पुढील पीक या दहा गुंडांवर अवलंबून असते. घरातील भांडी-धुण्याचे साबणाचे पाणी मात्र या वाफ्याला देऊ नये. पाणी सायंकाळी किंवा भल्या पहाटे झारीने द्यावे. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी कढत असते, ते थंड होईपर्यंत बाहेर सोडून द्यावे. वाफा कायम ओलसर असावा, चिखल होऊ देऊ नये. या काळात झाडांना युरिया देऊन वाढ लोटण्याचा प्रयत्न करू नये. लुसलुशीत फूट उन्हाने लगेच करपते. मार्च-एप्रिलमध्ये एखादी कळी आलीच तर ती खुडून टाकावी.

उन्हाळ्यात लाल कोळी या किडीचा उपद्रव होतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसते व पाने तांबूस पडतात. सुरुवातीलाच पानांच्या खालच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास कोळी बऱ्याच प्रमाणात आटोक्यात येतो.

रोपे तयार करणे : मे अखेर ते जून

मे च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रोपांची तयारी सुरू करावी. १० सेंटिमीटर उंचीच्या, स्वतःची मुळे असलेल्या काश्या गड्ड्यापासून अलगद वेगळ्या कराव्यात. ज्या फुटव्यांना मुळे नाहीत, त्यांच्या शेंड्याची ५ ते ७ सेंटिमीटर लांबीची छाटकलमे घ्यावीत. खालची पाने काढून टाकावीत आणि कलमे ओलसर रेतीच्या वाफ्यात किंवा ट्रेमध्ये दीड-दोन सेंटिमीटर खोल खोचावीत. दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. सावलीत १५ ते २० दिवसांत त्यांना मुळ्या फुटतात.

एकाच गड्ड्याच्या काश्या वर्षानुवर्षे वापरल्या तर झाडांचा जोम कमी होत जातो व मुळाजवळचे रोग साठत जातात. शेंड्याचे छाटकलम जमिनीपासून दूर असल्याने त्यात मातीतील रोगांचा शिरकाव कमी असतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी निदान मातृझाडांची नवी पिढी तरी छाटकलमांपासून तयार करावी.

लागवड : जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला पंधरवडा

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून लगेच लागवडीची घाई करू नये. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर पुष्कळदा उघडीप पडते व कोवळी रोपे वाळतात. जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी लागवड करावी.

मागील वर्षी शेवंती असलेल्या जागी पुन्हा शेवंती घेऊ नये. मर व मूळकुजीच्या बुरशी जमिनीत टिकून राहतात. मशागतीच्या वेळी गुंठ्याला २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पाच गुंठ्यांसाठी अर्धा किलो ट्रायकोडर्मा ५० किलो शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवावी व नंतर वरंब्यावर पसरावी. मध्यम काळ्या जमिनीत २० ते ३० सेंटिमीटर उंचीचे वरंबे करावेत आणि रोपे वरंब्याच्या माथ्यावर लावावीत, सरीत लावू नयेत. सऱ्यांना उताराकडे हलका ढाळ देऊन सर्व पाणी धुऱ्यापर्यंत एका चराने काढून द्यावे. मोठ्या पावसानंतर शेतात जाऊन सऱ्या मोकळ्या आहेत की नाही हे पाहावे. एक दिवस पाणी साचून राहिले तरी शेवंतीची पाने खालून पिवळी पडू लागतात व अशी झाडे पुन्हा क्वचितच सुधारतात.

खतांची मात्रा माती परीक्षणाच्या अहवालानुसार ठरवावी. सर्वसाधारणपणे गुंठ्याला दीड किलो नत्र, एक किलो स्फुरद व एक किलो पालाश धरावे. यासाठी सुमारे सव्वातीन किलो युरिया, सव्वासहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट व पावणेदोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. संपूर्ण सुपर फॉस्फेट व पोटॅश आणि एक तृतीयांश युरिया लागवडीच्या वेळी द्यावा. उरलेला युरिया लागवडीनंतर एक महिन्याने व दोन महिन्यांनी समान हप्त्यांत, निंदण झाल्यावर, पाऊस उघडलेला असताना द्यावा.

शेंडा खुडणे : जुलै-ऑगस्ट

रोप जोमाने वाढू लागले की ते सरळ वर जाते. त्याला तसेच वाढू दिल्यास मोजक्याच फांद्या व मोजकीच फुले मिळतात. लागवडीनंतर सुमारे चार आठवड्यांनी मुख्य खोडाचा दोन-तीन पानांसह शेंडा खुडावा. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी बाजूच्या फांद्यांचे शेंडे खुडावेत. प्रत्येक खुडणीनंतर बगलेतून नवे फुटवे येऊन झाड पसरट, घुमटाकार होते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा न खुडताही आपोआप फांद्या धरणारे काही वाण विकसित केले आहेत. प्रचलित जातींना मात्र खुडणी आवश्यकच आहे.

शेवटची खुडणी २० ऑगस्टच्या आत आटोपावी. लागवड जुलैच्या मध्यावर झाली असेल तर एकाच खुडणीवर थांबावे. उशिरा खुडल्यास झाडाला फांद्या वाढवाव्यात की कळ्या धराव्यात हा पेच पडतो आणि फुले लांबतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

शेवंती रात्र मोजते

काही झाडे दिवस व रात्रीच्या लांबीनुसार फुलावर येतात, ही गोष्ट अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून सन १९२० मध्ये मांडली. शेवंती याच गटातील आहे. दिवस मोठा व रात्र लहान असते तोपर्यंत ती पाने व फांद्या वाढवते. रात्र मोठी होऊ लागली की शेंड्यात कळीचा गर्भ बसतो. आपल्याकडे २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. नंतर तो लहान होत जातो, २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र जवळजवळ समान होतात आणि डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवस अकरा तासांवर येतो. कळीचा गर्भ बसल्यापासून फूल पूर्ण उमलेपर्यंत जातीनुसार साधारण आठ ते दहा आठवडे लागतात. ऑगस्ट अखेर-सप्टेंबरमध्ये गर्भ बसलेले झाड म्हणूनच ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरमध्ये फुलते.

यातून शेतकऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट दिव्यांची. रात्रीच्या अंधारात मध्येच उजेड पडला तर झाडाला रात्र लहान वाटते व कळ्या धरणे लांबते. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहत आहे. रस्त्याच्या, कारखान्याच्या किंवा गोठ्याच्या दिव्याचा प्रखर उजेड रात्रभर पडत असेल अशा पट्ट्यात शेवंती लावू नये. शेताच्या एका कडेची झाडे हिरवीगार असूनही फुलत नसतील, तर खत किंवा औषध बदलण्याआधी रात्री जाऊन तेथे उजेड पडतो का हे पाहावे.

दुसरी गोष्ट सणांची. यवतमाळचा नवरात्रातील दुर्गोत्सव सर्वदूर प्रसिद्ध आहे आणि त्या काळात फुलांना मोठी मागणी असते. परंतु सण तिथीने येतात व शेवंती सूर्याप्रमाणे फुलते. सन २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. अधिक महिना आलेल्या २०२६ सालात तो २० ऑक्टोबरला. अशा प्रकारे तीन आठवड्यांचा फरक पडतो, शेवंती मात्र दरवर्षी जवळजवळ त्याच सुमारास फुलते. म्हणून लागवडीपूर्वी पंचांग पाहावे. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीस येत असेल तर त्यासाठी झेंडू घ्यावा व शेवंतीचा भरवसा दिवाळीनंतरच्या बाजारावर ठेवावा. दसरा उशिरा असेल तर लवकर फुलणाऱ्या जातीचा काही भाग दसऱ्यालाही हाती येऊ शकतो, आणि त्यानंतर सुमारे वीस दिवसांनी येणारी दिवाळी तर भर बहरात सापडते. कोणत्याही वर्षी तुळशीचे लग्न, मार्गशीर्षातील गुरुवार, दत्तजयंती व लग्नसराई हा शेवंतीचा हक्काचा बाजार आहे. एका दसऱ्यावर सर्व हिशेब मांडून कर्ज काढू नये.

कळ्यांचा काळ : सप्टेंबर-ऑक्टोबर

परतीच्या पावसाने झाडे कोलमडतात. म्हणून सप्टेंबरमध्ये बुडाशी मातीची भर द्यावी. ओळीच्या दोन्ही टोकांना बांबू रोवून दोन्ही बाजूंनी सुतळी ओढल्यास खर्च कमी येतो व फांद्या चिखलात लोळत नाहीत. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की कळ्या पोसण्याच्या नेमक्या वेळी पाण्याचा ताण पडतो. या काळात जमिनीच्या मगदुरानुसार ६ ते ८ दिवसांनी सरीतून हलके पाणी द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर युरिया देऊ नये. त्यामुळे झाड माजते, देठ लुसलुशीत होतात व माव्याला आमंत्रण मिळते.

पावसाळ्यात पानांवर काळे-तपकिरी ठिपके पडून खालची पाने वाळतात. रोगट पाने वेळोवेळी तोडून नष्ट करावीत, पाणी पानांवर न देता बुडाशी द्यावे आणि हवा खेळती राहील असे अंतर ठेवावे. अचानक मलूल झालेले झाड मातीसह उपटून बाहेर न्यावे व ती जागा मोकळी ठेवावी. थंडीच्या सुरुवातीस शेंड्यांवर व कळ्यांच्या देठावर काळपट मावा दिसतो. त्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, थोडा साबणाचा चुरा मिसळून दहा लिटर द्रावण करावे व त्याच दिवशी सायंकाळी फवारावे. फुलकिडे व मावा यांवर नजर ठेवण्यासाठी निळे व पिवळे चिकट सापळे लावावेत.

फवारणीबाबत सावधानता

सन २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात भरती व्हावे लागले. ही घटना कोणी विसरू नये. फुलशेतीत धोका आणखी एका मार्गाने येतो. फुले हातानेच तोडावी लागतात, हे काम बहुधा घरातील स्त्रिया व मजूर भगिनी करतात आणि तीच फुले त्यांच्या व गिऱ्हाइकांच्या केसांत माळली जातात. म्हणून फुले उमलू लागल्यावर विषारी औषध मारू नये. त्याआधी रासायनिक औषध वापरणे भागच असेल, तर त्या किडीसाठी व फुलपिकासाठी शिफारस असलेले एकच औषध, लेबलवरील मात्रेत घ्यावे. दोन-तीन औषधांचे मिश्रण करू नये. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा व पायात बूट असल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर दुपारी फवारू नये. औषधाच्या लेबलवर सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत तोडणीला कोणालाही पाठवू नये. डोके दुखणे, मळमळ, अंधारी येणे अशी लक्षणे दिसताच काम थांबवावे, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

तोडणी व विक्री : नोव्हेंबर ते जानेवारी

सुट्या फुलांसाठी पूर्ण उमललेली फुले तोडावीत. शेवंतीचे फूल तोडल्यानंतर फारसे उमलत नाही, म्हणून अर्धवट उमललेले तोडल्यास वजन व भाव दोन्ही कमी मिळतात. तोडणी सकाळी, दव ओसरल्यावर परंतु ऊन चढण्यापूर्वी करावी. ओली फुले भरल्यास ती प्रवासात काळी पडतात. दर तीन-चार दिवसांनी तोडणी करावी. फुले बांबूच्या करंड्यांत किंवा हवा खेळेल अशा पेट्यांत, दाबून न भरता, सावलीतून पाठवावीत. उत्तम व्यवस्थापनात गुंठ्याला ८० ते १२० किलो फुले मिळू शकतात. यवतमाळची बाजारपेठ लोहाऱ्याला अगदी लगतची आहे. मोठा माल असल्यास नागपूरच्या बाजाराचे भाव आदल्या दिवशी विचारून, भाडे व अडत वजा जाता हाती काय राहते हे पाहूनच गाडी भरावी.

प्रथमच लागवड करणाऱ्यांनी दोन ते पाच गुंठ्यांपेक्षा अधिक क्षेत्र घेऊ नये. तोडणीच्या दिवसांतच कपाशीची वेचणीही असते आणि मजूर मिळत नाहीत. घरच्या माणसांकडून दर तीन-चार दिवसांनी वेळेवर किती फुले तुटतील, तेवढीच शेवंती लावावी.

वर्षाचे वेळापत्रक

जानेवारी : फुलावर असलेल्या उत्तम झाडांना चिंधी बांधणे, शेवटच्या तोडण्या.
फेब्रुवारी : छाटणी, ४०० गड्डे सावलीच्या वाफ्यात हलविणे.
मार्च ते मे : मांडव, आच्छादन, रोज हलके पाणी, लाल कोळीवर नजर.
मे अखेर व जून : काश्या वेगळ्या करणे, छाटकलमे लावणे, वरंबे व चर तयार करणे.
जून अखेर व जुलै : लागवड, नांग्या भरणे, पाण्याचा निचरा, पहिली खुडणी.
ऑगस्ट : निंदण, खताचा हप्ता, २० तारखेच्या आत शेवटची खुडणी.
सप्टेंबर : खताचा शेवटचा हप्ता कळ्या दिसण्यापूर्वी, मातीची भर, सुतळीचा आधार.
ऑक्टोबर : नियमित पाणी, मावा व फुलकिडे यांवर नजर.
नोव्हेंबर व डिसेंबर : तोडणी, प्रतवारी, विक्री.

या वेळापत्रकातील सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित काम मार्च ते मे या तीन महिन्यांत आहे. पाच मीटर लांबी-रुंदीचा एक मांडव व दररोज दहा गुंड पाणी एवढाच तो खर्च. तो केला तर रोपे घरची होतात, जात खात्रीची राहते, लागवड वेळेवर होते आणि वेळेवर लावलेली शेवंती दिवाळीनंतरच्या बाजारात उभी राहते. यंदा ज्यांच्या शेतात शेवंती फुललेली आहे त्यांनी बहर संपण्याची वाट न पाहता मातृझाडांची निवड करावी. अधिक माहितीसाठी कृषी विज्ञान केंद्र, यवतमाळ येथे किंवा आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे संपर्क साधावा. जाताना रोगट वाटणारे झाड मुळासकट, पिशवीत बांधून बरोबर न्यावे. झाड प्रत्यक्ष पाहिल्यावर योग्य सल्ला देणे सोपे जाते.